प्रबोधनाचा प्रसार: १४५३ च्या आधी, नंतर आणि आल्प्स ओलांडून

धागाकर्ता: मुद्राक्षर

युरोपातील प्रबोधनाविषयी आपल्यापैकी अनेकांच्या मनात शाळेपासून एक समज घर करून बसला आहे. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, तेथील ग्रीक पंडित आपापल्या पोथ्या घेऊन इटलीत आले आणि त्यातून प्रबोधनाचा उदय झाला, असा तो समज. परीक्षेतील दोन गुणांच्या प्रश्नाला हे उत्तर पुरते. परंतु तारखा एकापुढे एक मांडून पाहिल्या की ते टिकत नाही. त्यासाठीच हा धागा काढत आहे. मुख्य प्रश्न असा की कला आणि विद्येचे हे पुनरुज्जीवन इटलीतील चार-पाच नगरांतून निघून दीड-दोनशे वर्षांत क्राको, लंडन, लिस्बनपर्यंत पोहोचले ते नेमके कोणाच्या हातून?

सुरुवात १४५३ च्या शंभर वर्षे आधीपासून करावी लागते. १३४५ मध्ये इटालियन कवी पेत्रार्कला व्हेरोना येथे प्राचीन रोमन वक्ता सिसरोने आपला मित्र अ‍ॅटिकस याला लिहिलेली पत्रे सापडली. त्याच पेत्रार्ककडे पुढे होमरच्या काव्याची ग्रीक पोथी आली, पण ती त्याला वाचता येत नव्हती. पोथी हाती आहे, तिचे मोल ठाऊक आहे आणि अक्षर लागत नाही, अशी त्या पिढीची स्थिती होती. ही अडचण पोथ्यांच्या संख्येने सुटणारी नव्हती, तिला शिक्षक हवा होता. फ्लॉरेन्स प्रजासत्ताकाचा मुख्य सचिव कोलुच्चो सालुताती याने हे ओळखले आणि बायझंटाइन (म्हणजे कॉन्स्टँटिनोपल राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्याच्या) सम्राटाच्या वतीने तुर्कांविरुद्ध मदत मागण्यासाठी पश्चिमेकडे आलेल्या मान्युएल क्रिसोलोरास या मुत्सद्द्याला फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवण्यासाठी पाचारण केले. १३९७ ते १४०० अशी जेमतेम तीन वर्षे क्रिसोलोरासने तेथे शिकवले. त्याचा एक विद्यार्थी लेओनार्दो ब्रुनी याने आपल्या आठवणीत लिहून ठेवले आहे की तो त्या वेळी कायद्याचा अभ्यास करीत होता. परंतु कायदा शिकवणारे पुष्कळ आहेत आणि तो केव्हाही शिकता येईल, ग्रीक शिकवणारा मात्र हा एकच आहे, असा विचार करून तो ग्रीककडे वळला. याच ब्रुनीने पुढे अ‍ॅरिस्टॉटल आणि प्लेटो यांची लॅटिन भाषांतरे केली. ग्वारिनो नावाचा दुसरा शिष्य गुरूच्या पाठोपाठ कॉन्स्टँटिनोपलला जाऊन राहिला आणि परत आल्यावर त्याने फेरारा येथे नावाजलेली शाळा चालवली. मला या तीन वर्षांचे महत्त्व १४५३ पेक्षा अधिक वाटते, कारण त्यानंतर इटलीत ग्रीक जाणणाऱ्यांची परंपरा खंडित झाली नाही.

लॅटिन ग्रंथांचा शोध याच सुमारास वेगळ्या वाटेने चालला होता. १४१४ ते १४१८ या काळात कॉन्स्टन्स येथे मोठी धर्मपरिषद भरली होती. पोज्जो ब्राच्चोलिनी पोपचा सचिव म्हणून तेथे गेला होता. पोपच पदच्युत झाल्यामुळे त्याला काम उरले नाही आणि तो आसपासच्या मठांतील ग्रंथसंग्रह धुंडाळू लागला. १४१६ मध्ये सेंट गालच्या मठात त्याला प्राचीन रोमन शिक्षक क्विंटिलियनचा वक्तृत्वावरील संपूर्ण ग्रंथ सापडला आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतील एका मठात रोमन कवी लुक्रेशियसचे काव्य हाती लागले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे ग्रंथ इटलीत आले ते आल्प्सच्या उत्तरेकडून. म्हणजे इटलीने आपले धन उत्तरेला वाटले असे आपण म्हणतो, त्यातील बरेचसे धन उत्तरेच्या मठांनी सहा-सातशे वर्षे सांभाळलेले होते.

यानंतर १४२३ मध्ये जोव्हान्नी आउरिस्पाने पूर्वेकडून दोनशेहून अधिक ग्रीक हस्तलिखिते आणली आणि १४३८-३९ मध्ये पूर्व व पश्चिम ख्रिस्ती धर्मपीठांच्या ऐक्यासाठी भरलेल्या फेरारा-फ्लॉरेन्स परिषदेला बायझंटाइन सम्राट आपल्या विद्वानांच्या ताफ्यासह आला. प्लेटोविषयी फ्लॉरेन्समध्ये जे कुतूहल जागे झाले त्याला या परिषदेतील ग्रीक तत्त्वज्ञ गेमिस्तोस प्लेथोनच्या व्याख्यानांनी बळ दिले. हे सर्व कॉन्स्टँटिनोपल पडण्यापूर्वीचे आहे.

मग मुद्रण आले. माइन्झ येथे गुटेनबर्गचे बायबल १४५५ च्या सुमारास तयार झाले. १४६२ मध्ये दोन आर्चबिशपांच्या भांडणात माइन्झ लुटले गेले आणि तेथील छापखान्यांतील माणसे पांगली. त्याच सुमारास आल्प्स ओलांडून गेलेल्या स्वाइनहाइम आणि पान्नार्ट्झ या दोन जर्मन मुद्रकांनी १४६५ मध्ये रोमजवळच्या सुबियाको मठात यंत्र उभारले. व्हेनिसमध्ये १४६९ मध्ये पहिला छापखाना निघाला, पॅरिसमध्ये १४७० मध्ये, वेस्टमिन्स्टरला विल्यम कॅक्स्टनचा १४७६ मध्ये. शतक संपेपर्यंत युरोपातील अडीचशेच्या आसपास गावांत छपाई झालेली होती. मुद्रणकला जर्मनीतून दक्षिणेला गेली आणि इटलीतील ग्रंथ तिच्याच आधारे उत्तरेला आले.

माझे म्हणणे असे आहे की प्रबोधन ज्या ज्या ठिकाणी पोहोचले तेथे ते कोणीतरी नेले म्हणून पोहोचले, आणि नेणारा शिक्षक होता, मुद्रक होता, पेढीचा कारभारी होता की सैन्य घेऊन आलेला राजा होता, यावर तेथे काय रुजले हे ठरले. हंगेरीत ते राजाच्या ग्रंथालयाच्या रूपाने गेले आणि राजाबरोबर संपले. जर्मनीत ते छापखान्यातून गेले आणि त्याने धर्मसंस्था हलवली. जाणकारांनी यात भर घालावी आणि जेथे मतभेद असेल तेथे तो आधारासह मांडावा.

---

प्रतिसाद: पूर्वरंग

मुद्राक्षर, मांडणी पटली. मात्र १४५३ ला आपण फारच बाजूला सारले आहे असे वाटते. एका माणसाचे उदाहरण देतो.

बेसारियन हा फेरारा-फ्लॉरेन्स परिषदेला ग्रीक प्रतिनिधी म्हणून आला आणि पुढे रोमन चर्चचा कार्डिनल होऊन इटलीतच राहिला. म्हणजे तो १४५३ च्या आधीचाच. परंतु कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर त्याच्या ग्रंथसंग्रहाचे स्वरूप पालटले. ग्रीकांचे जे काही लिहिलेले उरले आहे ते सर्व एका ठिकाणी, सुरक्षित जागी जमवावे, नाहीतर ते कायमचे नष्ट होईल, या एकाच ध्यासाने त्याने पुढची वर्षे हस्तलिखिते मिळवली आणि लिहवून घेतली. १४६८ मध्ये त्याने हा संग्रह व्हेनिसला दान केला. तेव्हाच्या यादीत सुमारे साडेसातशे ग्रंथ आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक ग्रीक आहेत. दानपत्रात तो व्हेनिसला जणू दुसरे बायझँटियम म्हणतो. हे दान १४५३ वाचून झाले असते असे मला वाटत नाही.

याच बेसारियनचे दुसरे काम तर थेट खगोलशास्त्राला जाऊन भिडते. १४६० मध्ये तो पोपचा दूत म्हणून व्हिएन्नाला गेला असता त्याने तेथील गणिती प्युरबाख याला प्राचीन ग्रीक खगोलज्ञ टॉलेमीच्या खगोलग्रंथाचा सुबोध सारांश लिहिण्याची विनंती केली. प्युरबाख अर्ध्यावरच वारला. त्याचा शिष्य रेजिओमोंटानस याने तो पुरा केला. हा सारांश १४९६ मध्ये व्हेनिसला छापला गेला. त्याच सुमारास क्राकोचे शिक्षण संपवून एक पोलिश विद्यार्थी बोलोन्याला आला होता, त्याचे नाव कोपर्निकस. त्याने हा ग्रंथ बारकाईने वापरला. ट्रॅबझॉनला जन्मलेला ग्रीक कार्डिनल, व्हिएन्नाचा गणिती, व्हेनिसचा छापखाना, बोलोन्याचे विद्यापीठ आणि अखेरीस १५४३ मध्ये न्यूरेंबर्गला छापलेले कोपर्निकसचे पुस्तक, असा हा प्रवास आहे. आपला 'कोणीतरी नेले म्हणून पोहोचले' हा मुद्दा यापेक्षा स्पष्टपणे कोठे दिसेल असे वाटत नाही.

---

प्रतिसाद: खडूफळा

धागा वाचून एक प्रश्न पडला. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि मुले हमखास विचारतात की ग्रीक विद्या अरबांनी सांभाळली होती ना, मग ती बायझँटियमहून आली असे आपण का म्हणतो? बाराव्या शतकात टोलेडो येथे अरबीतून लॅटिनमध्ये झालेल्या भाषांतरांचा या धाग्यात उल्लेख आला नाही. त्या भाषांतरांना प्रबोधनाचा भाग मानावे की मानू नये?

---

प्रतिसाद: मुद्राक्षर

पूर्वरंग, बेसारियनविषयीची दुरुस्ती मान्य. कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावाने घाई निर्माण केली, असे म्हणणे योग्य ठरेल.

खडूफळा, आपला प्रश्न अत्यंत महत्त्वाचा आहे. टोलेडोला क्रेमोनाच्या जेरार्डने टॉलेमीचा तोच खगोलग्रंथ ११७५ च्या सुमारास अरबीतून लॅटिनमध्ये आणला होता. इब्न सीनाचा वैद्यकग्रंथही त्याच मार्गाने आला आणि युरोपातील विद्यापीठांत सोळाव्या शतकातही शिकवला जात होता. तेव्हा गणित, वैद्यक, तत्त्वज्ञान यांचा ओघ अरबी मार्गाने तीन शतके आधीच सुरू झालेला होता. बायझँटियमकडून जे आले ते मुख्यतः काव्य, नाटक, इतिहास, वक्तृत्व आणि प्लेटोचे बहुतेक संवाद, म्हणजे अरबी भाषांतरकारांनी ज्यांत फारसा रस घेतला नव्हता ते वाङ्मय. शिवाय पंधराव्या शतकातील विद्वानांना भाषांतराच्या भाषांतरावर समाधान नव्हते. त्यांना मूळ ग्रीक शब्द हवा होता. हा आग्रह नवा होता. तरीही अरबी धागा मध्येच तुटला असे समजू नये. कोपर्निकसने वापरलेल्या काही भूमितीय रचना तेराव्या शतकातील नसीरुद्दीन तुसी आणि चौदाव्या शतकातील दमास्कसचा इब्न अल-शातिर यांच्या रचनांशी जुळतात. त्या त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने आल्या याविषयी अभ्यासकांत एकमत नाही, पण साम्य निर्विवाद आहे.

मुलांना सांगता येईल अशी आणखी एक गोष्ट. पोज्जो आणि त्याच्या मित्रांना मठांत ज्या पोथ्या सापडल्या त्यांतील अनेक फ्रँक सम्राट शार्लमेनच्या काळात, म्हणजे आठव्या-नवव्या शतकांत नकललेल्या होत्या. त्यांचे सुटे, गोलसर, वाचायला सोपे अक्षर पाहून या मंडळींना ते प्राचीन रोमन लोकांचे हस्ताक्षर वाटले आणि त्यांनी तेच गिरवायला घेतले. पुढे व्हेनिसमध्ये निकोलस जेन्सनने १४७० मध्ये त्याच वळणाचे छपाईचे खिळे पाडले. आज जगभर रोमन लिपीतील पुस्तके ज्या अक्षरात छापली जातात त्याच्या लहान अक्षरांचे मूळ येथे आहे. एका जुन्या पुनरुज्जीवनाच्या खांद्यावर दुसरे उभे राहिले ते असे.

---

प्रतिसाद: रंगरेषा

चर्चा पूर्णपणे पोथ्यांकडे झुकली आहे, म्हणून चित्रकलेविषयी लिहितो. चित्रकलेत तर इटलीकडून उत्तरेला असा एकेरी प्रवाह दाखवताच येत नाही.

गेंट येथील व्हान आयक बंधूंचे भव्य वेदीचित्र (चर्चमधील वेदीवर लावायचे चित्र) १४३२ मध्ये पुरे झाले. तैलरंगांचे पातळ थर एकावर एक देऊन काच, धातू, मखमल, ओलसर डोळे यांवरचा प्रकाश जसा त्यांनी उतरवला तसा त्या वेळी इटलीत कोणालाही साधलेला नव्हता. इटलीने हे तंत्र उत्तरेकडून घेतले. आंतोनेल्लो दा मेस्सिना स्वतः फ्लँडर्सला (आजच्या बेल्जियमच्या भागात) जाऊन व्हान आयककडून ते शिकला, असे कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या व्हासारीने लिहिले आहे; पण यान व्हान आयक १४४१ मध्ये वारला आणि त्या वेळी आंतोनेल्लो लहान मुलगा होता, त्यामुळे ही गुरुशिष्यकथा सोडून द्यावी लागते. तो बहुधा नेपल्समध्येच फ्लेमिश चित्रे पाहून शिकला. मात्र १४७५-७६ मध्ये त्याने व्हेनिसमध्ये केलेल्या कामाचा तेथील चित्रकारांवर मोठा ठसा उमटला.

चित्रे कोण नेत होते, तर पेढ्यांची माणसे. मेदिची पेढीच्या ब्रूज शाखेचा कारभारी तोम्मासो पोर्तिनारी याने ह्युगो व्हान डर गूस या फ्लेमिश चित्रकाराकडून एक प्रचंड वेदीचित्र काढवून घेतले आणि समुद्रमार्गे ते १४८३ मध्ये फ्लॉरेन्सला पोहोचले. त्यातील मेंढपाळ पाहावेत. राबलेले हात, उघडी तोंडे, दात पडलेले, भक्तीने भारावलेले चेहरे! फ्लॉरेन्सच्या चित्रकारांना देवदूत आणि उमराव रंगवायची सवय होती. दोनच वर्षांनी, १४८५ मध्ये, गिर्लांदायोने सान्ता त्रिनिता चर्चमधील प्रार्थनागृहासाठी जे चित्र काढले त्यात असेच मेंढपाळ आले, आणि त्याच चित्रात येशूची गव्हाण म्हणून मात्र प्राचीन रोमन शवपेटी आहे. उत्तरेचा डोळा आणि दक्षिणेचा संगमरवर एकाच चौकटीत आहेत. ते प्रार्थनागृह फ्रान्चेस्को सास्सेत्ती याचे होते आणि हा सास्सेत्तीही मेदिची पेढीचाच मुख्य व्यवस्थापक होता. चित्रकलेच्या इतिहासात हुंड्या आणि लोकरीच्या व्यापाराला जागा द्यायला हवी ती यासाठी.

ड्यूररवाचून हा विषय पुढे जात नाही. न्यूरेंबर्गचा हा सोनाराचा मुलगा दोनदा इटलीत गेला, १४९४-९५ मध्ये आणि १५०५ ते १५०७ या काळात. दुसऱ्या खेपेस व्हेनिसहून मित्र पिर्कहायमरला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की येथे मी सद्गृहस्थ आहे, घरी मात्र बांडगूळ. कलावंताला कारागिरांच्या श्रेणीसंघातील एक हात न मानता विद्वान म्हणून मान मिळतो, ही गोष्ट त्याने तेथे पाहिली. मानवी देहाच्या प्रमाणांचे शास्त्र याकोपो दे बार्बारी या इटालियन चित्रकाराला ठाऊक आहे असे त्याला वाटत होते, पण बार्बारीने ते उलगडून सांगितले नाही. तेव्हा ड्यूररने प्राचीन रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियस वाचून स्वतः मोजमापे घ्यायला सुरुवात केली. १५०७ मध्ये व्हेनिसला त्याने एक डुकाट देऊन युक्लिडची प्रत विकत घेतली आणि तशी नोंद त्या प्रतीत स्वतःच्या हाताने केली. त्याला जे सहजी मिळाले नाही ते त्याने १५२५ मध्ये कंपास व पट्टीने मापन करण्यावरील पुस्तक लिहून चित्रकार, सोनार, पाथरवट, सुतार अशा सर्वांसाठी खुले केले, आणि तेही लॅटिनमध्ये न लिहिता त्यांच्या जर्मन भाषेत. विद्येचा प्रसार म्हणतात तो मला येथे दिसतो.

---

प्रतिसाद: सागरिका

पेढीचे कारभारी आणि मुद्रक यांच्या जोडीला मला दोन वाहक आणखी जोडायचे आहेत. राजघराण्यांतील सोयरिकी आणि लढाया.

हंगेरीचा राजा मथायस कॉर्व्हिनस याने १४७६ मध्ये नेपल्सच्या बेआत्रिचेशी विवाह केला. तिच्याबरोबर इटालियन शिल्पी, विद्वान आणि स्वयंपाकी बुडाच्या दरबारात आले, आणि आधीपासून ग्रंथप्रेमी असलेल्या मथायसचा ग्रंथसंग्रह युरोपातील सर्वांत मोठ्या संग्रहांत गणला जाऊ लागला. तो १४९० मध्ये वारला. १५२६ मध्ये मोहाचच्या रणात हंगेरीचा पराभव झाल्यावर तो संग्रह विखुरला. आज जगभरच्या ग्रंथालयांत मिळून त्यातील दोनशेच्या आसपास ग्रंथ ओळखता येतात. धागाकर्त्यांनी म्हटल्याप्रमाणे ते राजाबरोबर संपले हे काही अंशी खरे आहे. पण पोलंडमध्ये मात्र तसे झाले नाही. १५१८ मध्ये मिलानच्या सत्ताधारी घराण्यातील बोना स्फोर्झा पहिल्या झिग्मुंटची राणी होऊन क्राकोला आली. वावेलच्या कॅथीड्रलला लागून बार्तोलोमेओ बेर्रेच्ची याने १५१९ ते १५३३ या काळात बांधलेले झिग्मुंटचे समाधिमंदिर पाहिले तर फ्लॉरेन्सचा घुमट शेकडो कोस उत्तरेला जसाच्या तसा उभा राहिल्याचे दिसते, आणि पुढची शंभर वर्षे पोलंडमधील सरदारांनी आपापली समाधिमंदिरे त्याच नमुन्यावर बांधली. क्राकोला विद्यापीठ होते, छापखाने होते, श्रीमंत नागरिक होते. राजा गेला तरी ती मंडळी राहिली. माझ्या मते हंगेरी आणि पोलंड यांच्यातील फरक येथे आहे.

स्त्रियांचा उल्लेख झाला म्हणून सांगते. या सुनांना आपण 'वाहक' म्हणतो, पण त्या काळात स्वतः विदुषी असलेल्या स्त्रियाही होत्या. व्हेरोनाची इसोत्ता नोगारोला आणि व्हेनिसची कास्सांद्रा फेदेले यांची लॅटिन पत्रे आणि भाषणे उपलब्ध आहेत. फेदेलेने १४८७ मध्ये पादुआ विद्यापीठात भाषण केले. परंतु त्यांना त्या विद्यापीठांत शिकवण्याची जागा कोणी दिली नाही, हेही नमूद केले पाहिजे. विद्या पसरली म्हणताना ती कोणासमोर दार बंद करून पसरली हे विसरता येत नाही.

आता लढाया. १४९४ मध्ये फ्रान्सचा आठवा शार्ल सैन्य घेऊन इटलीत उतरला, नेपल्सपर्यंत गेला आणि परत जाताना कारागीर घेऊन गेला. त्यांत उद्यानरचना करणारा पाचेल्लो दा मेर्कोल्यानोही होता. पुढे पहिल्या फ्रान्स्वाने लेओनार्दोला आमंत्रण दिले आणि १५१९ मध्ये लेओनार्दो आंब्वाझ येथेच वारला. १५२७ मध्ये सम्राटाच्या वेतन थकलेल्या सैन्याने रोम लुटले आणि तेथील कलावंत वाट फुटेल तिकडे गेले. रोस्सो फियोरेन्तिनो १५३० मध्ये फ्रान्सच्या दरबारी पोहोचला आणि फाँतेनब्लो राजवाड्यात त्याने केलेल्या कामातून फ्रेंच कलेची एक संपूर्ण शैली उभी राहिली. याकोपो सान्सोव्हिनो व्हेनिसला गेला. पूर्वरंग यांनी उल्लेखिलेला बेसारियनचा संग्रह तोपर्यंत अनेक दशके बराचसा पेट्यांतच पडून होता; त्याच्यासाठी सेंट मार्कच्या चौकात १५३७ मध्ये जी इमारत बांधायला घेतली ती या सान्सोव्हिनोची. एका नगराच्या पाडावाच्या भयाने जमवलेले ग्रंथ दुसऱ्या नगराच्या लुटीतून निसटलेल्या माणसाने बांधलेल्या वास्तूत गेले.

---

प्रतिसाद: पायवाट

राजे, कार्डिनल, पेढ्या. यात सामान्य माणूस कोठे आहे? छापलेली पुस्तके तरी त्याच्यापर्यंत जात होती का?

---

प्रतिसाद: मुद्राक्षर

पायवाट, सुरुवातीला जात नव्हती. सुबियाकोहून रोमला गेलेल्या ज्या दोन मुद्रकांचा उल्लेख मी केला, त्यांनी १४७२ मध्ये पोपकडे एक विनंतिपत्र पाठवले. त्यात छापलेल्या ग्रंथांची यादी आणि प्रतींची संख्या आहे. बहुतेक ग्रंथांच्या प्रती २७५. घर छापील कागदांनी भरले आहे आणि त्यात खायला काही नाही, असे ते लिहितात. सिसरो आणि व्हर्जिल यांचे देखणे, जाडजूड ग्रंथ घेणारे गिऱ्हाईक एका नगरात मोजकेच असते आणि ते पहिल्या काही वर्षांतच संपते, हे त्यांना अनुभवाने कळले.

यातून वाट काढली ती व्हेनिसने. तेथे भांडवल होते, कागद होता, जहाजे होती आणि जर्मनीकडे जाणाऱ्या खिंडींवरून नियमित वाहतूक होती, त्यामुळे एका नगरासाठी न छापता सर्व युरोपासाठी छापता येत होते. आल्दो मानुत्सिओने १४९५ ते १४९८ या वर्षांत अ‍ॅरिस्टॉटल मूळ ग्रीकमध्ये पाच खंडांत छापला. मुद्रिते तपासायला आणि खिळे जुळवायला त्याच्याकडे क्रीटहून आलेले ग्रीक होते. १५०१ मध्ये त्याने व्हर्जिल हातात मावेल अशा लहान आकारात, फ्रान्चेस्को ग्रिफोने पाडलेल्या तिरप्या अक्षरात काढला. टीका नाही, भाष्य नाही, केवळ मूळ पाठ. मेजावर ठेवून गुरूसमोर वाचायचा ग्रंथ आता प्रवासात वाचता येऊ लागला. हे पुस्तक शेतकऱ्याच्या घरी गेले नाही. परंतु वकील, वैद्य, शाळामास्तर, नगरपालिकेचा लेखनिक यांच्या घरी गेले, आणि उत्तरेकडील नगरांत हाच वर्ग मोठा होता.

सामान्य माणसापर्यंत ही लाट पोहोचली ती धर्माच्या मार्गाने. लोरेंझो व्हाल्ला याने १४४० मध्ये भाषेच्या पुराव्यावर दाखवून दिले की सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला पश्चिमेचे राज्य दिल्याचे दानपत्र बनावट आहे. चौथ्या शतकातील लॅटिन असे असूच शकत नाही, हा त्याचा मुख्य आधार. त्याच व्हाल्लाने बायबलच्या नव्या कराराचा प्रचलित लॅटिन पाठ ग्रीकशी ताडून टिपणे लिहिली होती. ती टिपणे १५०४ मध्ये लूव्हेनजवळच्या एका मठात डच विद्वान इरॅस्मसच्या हाती लागली आणि त्याने ती पुढच्या वर्षी पॅरिसला छापून घेतली. १५०८ मध्ये इरॅस्मस आल्दोच्या छापखान्यात राहून आपला सुभाषितसंग्रह वाढवत होता. पॅरिसच्या १५०० च्या आवृत्तीतील आठशेच्या आसपास वचनांची संख्या तेथे तीन हजारांवर गेली, कारण आजूबाजूचे विद्वान त्याला आपल्याजवळची ग्रीक हस्तलिखिते आणून देत होते. १५१६ मध्ये बाझलला फ्रोबेनच्या छापखान्यातून त्याचा ग्रीक नवा करार निघाला. त्याची १५१९ ची आवृत्ती समोर ठेवून धर्मसुधारक ल्यूथरने नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले आणि ते सप्टेंबर १५२२ मध्ये विटेनबर्गला छापले गेले. ते विणकरांच्या आणि सुतारांच्या घरात गेले, वाचता न येणाऱ्यांनी ते ऐकले. शब्दाचा मूळ पाठ शोधण्याचा फ्लॉरेन्समधील छंद सव्वाशे वर्षांत येथवर आला. स्वतः इरॅस्मसला चर्चमध्ये फूट नको होती आणि ल्यूथरशी त्याचे उघड वैर झाले, पण एकदा छापून गेलेले पुस्तक परत घेता येत नाही.

---

प्रतिसाद: मांडवीतीर

हा धागा लिस्बनपाशी थांबू नये असे वाटते, कारण ही विद्या जहाजातून आपल्या किनाऱ्यालाही लागली.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य सालामांका आणि आल्काला येथे शिकलेला. म्हणजे कार्डिनल सिस्नेरोसने ज्या आल्कालात हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन पाठ शेजारी शेजारी ठेवून बायबल छापवले, त्या वातावरणातला. १५३४ मध्ये तो गोव्याला आला आणि अखेरपर्यंत येथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचे उपचार त्याने केले, त्याच्या दरबारातील हकिमांशी त्याच्या चर्चा होत. खडूफळा यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला अहमदनगरच्या त्या दरबारात दिसते. ओर्ताने प्राचीन ग्रीक वैद्य गेलन वाचला तो लॅटिनमधून, हकिमांनी तोच गेलन वाचला तो अरबीतून आणि इब्न सीनाच्या भाष्यासह. दोन वाटांनी निघालेली ग्रीक विद्या निजामशाहीत समोरासमोर बसली होती आणि तिच्या भोवती देशी वैद्यांचे स्वतंत्र ज्ञान होते.

ओर्ताचा औषधी वनस्पती आणि द्रव्ये यांवरील संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. गोव्यात पहिला छापखाना १५५६ मध्ये आला होता. तो खरे तर अ‍ॅबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) जायचा होता, पण येथेच राहिला. संवादात एका बाजूला स्वतः ओर्ता आहे आणि दुसऱ्या बाजूला नुकताच स्पेनहून आलेला, ग्रंथांचे दाखले देणारा रुआनो नावाचा कल्पित वैद्य. ओर्ता त्याला आंबा दाखवतो, हिंग दाखवतो, पटकीचा रोगी दाखवतो (तिला येथील लोक मोडशी म्हणतात हेही नोंदवतो) आणि सांगतो की मी स्पेनमध्ये असतो तर गेलन आणि ग्रीक यांच्याविरुद्ध बोलण्याचे धाडस मला झाले नसते. प्राचीनांचा शुद्ध पाठ शोधण्यापासून सुरू झालेला प्रवास प्राचीनांची चूक दाखवण्यापर्यंत आला, तो मांडवीच्या काठी. मुंबई बेटही ओर्ताकडे भाड्याने होते आणि तेथल्या आपल्या आंब्याच्या झाडाविषयी तो प्रेमाने लिहितो.

मात्र हे चित्र उजळ रंगात रंगवून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. ओर्ता सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यू घराण्यातला होता. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायपीठ (इन्क्विझिशन) स्थापन झाले. १५६८ मध्ये तो वारला, पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जाळण्यात आले आणि १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. ज्या सत्तेबरोबर छापखाना आला तिच्याचबरोबर हे न्यायपीठही आले, आणि येथील देवळे पाडणारी व देशी भाषांतील ग्रंथ जाळणारी सत्ताही तीच.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आला. इंग्लंडातील लॅटिन पाठशाळेत घडलेल्या या माणसाने मराठी आत्मसात करून ओवी छंदात ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, पण रोमन लिपीत, कारण देशी लिपीचे खिळे उपलब्ध नव्हते. तसे खिळे व्हावेत अशी इच्छा त्याने १६०८ च्या पत्रात व्यक्त केली होती. ती त्याच्या हयातीत पुरी झाली नाही. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

---

प्रतिसाद: पूर्वरंग

मांडवीतीर, ओर्ताच्या ग्रंथाचा पुढचा प्रवासही येथे नोंदवून ठेवतो. फ्लँडर्सचा वनस्पतिज्ञ क्लुशियस १५६४ मध्ये आयबेरियाच्या प्रवासात असताना त्याला लिस्बनमध्ये ही पोर्तुगीज प्रत मिळाली. त्याने तिचा संक्षेप करून लॅटिनमध्ये आणली, संवादाचे रूप काढून टाकले, स्वतःच्या टिपा जोडल्या आणि १५६७ मध्ये अँटवर्पच्या प्लांतँच्या छापखान्यातून ती प्रसिद्ध केली. युरोपातील विद्वानांनी भारतीय औषधीद्रव्यांविषयीचा ओर्ता वाचला तो या लॅटिन रूपात, आणि त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. मूळ संवादातील रुआनो, त्याचे आक्षेप आणि गेलनविषयीचे ते धाडसी वाक्य मात्र त्या संक्षेपात उरले नाही. ते वाचायचे तर गोव्याच्या आवृत्तीकडेच यावे लागते.